पाहुणेघरातील झोपाळा चिकट झाल्याबाबत

आक्का (सध्या कोल्हापुरात) :

सप्रेम नमस्कार.

गुरुवारी रात्री पाहुणेघरी पोहोचले. बाकी व्यवस्था ठीक आहे, परंतु झोपाळ्याची फळी बसण्याजोगी राहिलेली नाही. पावसाळ्यापूर्वी कोणीतरी तिला तेल पाजले आहे आणि ते अजून वाळलेले नाही. मी न पाहता बसले आणि इरकलीच्या काठाला तपकिरी डाग पडला. मग वर्तमानपत्र पसरले, तर सकाळी ते सोलून काढावे लागले आणि आता फळीवर नोकरीच्या जाहिराती उलट्या अक्षरांत उमटलेल्या आहेत. गौरी-गणपतीला बारा दिवस उरले आहेत व या वेळी कितीजण उतरणार आहेत, हे आपण जाणताच. येथील पॉलिशवाले म्हणतात की सर्व स्पिरिटने उतरवून नव्याने पॉलिश करावे लागेल. त्यांना होकार देऊ का? वेताच्या खुर्च्यांना पांढरी बुरशी आली आहे, तिच्याबद्दलही कोणी सांगावे.

नाना (खजिनदार) :

आक्का, तेल 'कोणीतरी' पाजलेले नाही. मे महिन्यात मीच राखणदारांना फोन करून तसे सांगितले होते. ते शुद्ध जवसाचे तेल होते, 1 लिटर, आणि त्याची पावती माझ्याकडे आहे. सागवानाला वर्षातून एकदा तेल द्यावे, हे आमच्या घरी तीन पिढ्या चालत आले आहे. नवीन पॉलिशचा खर्च कार्यकारिणीपुढे आल्याखेरीज मंजूर होणार नाही. खिडक्यांच्या जाळ्यांच्या वेळी काय झाले ते सर्वांच्या स्मरणात असेलच. फळी दोन दिवस उन्हात ठेवावी, म्हणजे प्रश्न मिटेल.

अण्णा :

नाना, एका फळीला 1 लिटर तेल? माझ्या वडिलांचे आयुष्य पॉलिशच्या कामात गेले. त्यांनी एवढ्या तेलात अख्खा वाडा काढला असता. आणि श्रावणातल्या कोल्हापुरात दोन दिवस सलग ऊन कोठून आणावयाचे, हेही कृपया कळवावे.

मुद्दा असा आहे की जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि थर जाड असेल तर वर साय धरते व खाली मऊच राहते. दमट हवेत हे काम आणखी रेंगाळते. जवसाचे कच्चे तेल आणि रंगारी वापरतात ते बेलतेल, म्हणजे 'बॉइल्ड' जवसाचे तेल, यांतही फरक आहे, कारण बेलतेलात ते लवकर वाळावे म्हणून द्रव्ये घातलेली असतात. नानांच्या घरी ज्या सागवानाला तेल देत असत, ते बहुधा कोरे लाकूड असावे. आपल्या झोपाळ्यावर पॉलिश आहे, आणि पॉलिश केलेले लाकूड तेल पीत नाही; ते वरच साचून राहते.

म्हणून पॉलिशवाल्यांना होकार देण्यापूर्वी आक्कांनी एक परीक्षा करावी. फळीच्या खालच्या अंगाला, कोपऱ्यात, स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवावा. कापूस तपकिरी झाला आणि जागा मऊ पडली, तर ते चपड्याच्या लाखेचे जुने पॉलिश आहे असे समजावे. काहीच झाले नाही, तर वर मेलामाइनसारखा अलीकडचा थर असेल. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, टर्पेंटाइनमध्ये नाही. तेव्हा लाख निघाली तर स्पिरिट फळीच्या वरच्या अंगाला लावूच नये, कारण तेलाबरोबर चांगले पॉलिशही जाईल. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले सुती फडके लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावे, लगेच कोरड्या फडक्याने पुसावे, आणि हे तीन-चार वेळा करावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात व जवळ दिवा-उदबत्ती असू नये.

मे महिन्यात वापरलेली फडकी कोठे आहेत, याचीही चौकशी करावी. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते, आणि तेलकट फडकी बोळा करून कोंदट जागी ठेवल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. आताची फडकीही बाहेर मोकळी पसरून वाळवावीत, अथवा पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.

माई :

उन्हाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या शाहूपुरीतील घरात शिरले होते. साध्या प्लायवुडचे कपाट पाणी ओसरल्यावर वहीच्या पानांसारखे सुटले, ते टाकूनच दिले. आजीची सागवानी पेटी मात्र शाबूत निघाली, आणि ती आम्ही आमच्या उत्साहाने बिघडवली. झाकण गच्चीवर कडक उन्हात उपडे घातले, एक बाजू आधी वाळली आणि झाकणाला असा बाक आला की ते आजही चार बोटे उघडे राहते. सावलीत, खाली पट्ट्या देऊन, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे ठेवले असते तर ते वाचले असते.

झोपाळ्याच्या पितळी कड्या चिंचेने घासणार असाल तर त्या उतरवून घासाव्यात, कारण चिंचेचे पाणी लाकडावर ओघळले की डाग राहतो. शेजारच्या संगमरवरी तिपाईवर तर चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचा थेंबही पडू देऊ नये. आंबट लागताच संगमरवराची झिलई जाते आणि ती पुसून परत येत नाही. ती तिपाई आमच्याकडून आलेली आहे, म्हणून एवढे लिहिले.

नाना (खजिनदार) :

तिपाईची नोंद वस्तूंच्या यादीत आहे, ती कोणाकडून आली याची नाही. अण्णांच्या माहितीबद्दल आभार, तथापि राखणदारांना सूचना देण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे असे ठरलेले आहे.

वेताबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. बुरशी आधी गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी, नाकाला रुमाल बांधावा, मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवावे. बैठक सैल झाली असेल तर खुर्ची उलटी करून वेत खालच्या अंगाने कोमट पाण्याने ओला करावा. सावलीत वाळताना तो पुन्हा ताणला जातो. येथे तेलाचा संबंध नाही, हे मी स्वतःच नमूद करतो.

आक्का :

सर्वांची पत्रे मिळाली. कापूस तपकिरी झाला, म्हणजे पॉलिश लाखेचेच आहे. पॉलिशवाल्यांना तूर्त नको म्हणून कळवले. ते थोडे नाराज झाले. टर्पेंटाइनने तीन वेळा पुसले. पहिले फडके मधासारखे चिकट निघाले, तिसरे जवळजवळ स्वच्छ होते. नोकरीच्या जाहिराती गेल्या, फक्त उजव्या कोपऱ्यात 'अनुभवी' एवढा शब्द अजून उलटा वाचता येतो. काल संध्याकाळी पांढरा पंचा अंथरून अर्धा तास बसले, डाग पडला नाही. वेताच्या खुर्च्या पंख्याखाली आहेत.

मे महिन्यातील फडकी जिन्याखाली, जुन्या रद्दीच्या गठ्ठ्यावर, बोळा करून ठेवलेली सापडली. ती पाण्यात बुडवली आहेत.

लिहिण्याच्या टेबलाचा मधला खण अडकला आहे. राखणदार रंधा मारून देतो म्हणाले, मी थांबवले. पावसाने फुगलेले लाकूड आता तासले तर उन्हाळ्यात खण खुळखुळेल. तूर्त कडांना मेणबत्ती घासली आहे, अर्धा उघडतो. आत वस्तूंची मूळ यादी दिसते, परंतु हात पोहोचत नाही.

टर्पेंटाइन, कापूस व फडकी यांचा खर्च मी केला आहे. नाना, पावती आपल्याला पाठवू की कार्यकारिणीला?