उत्तर: माकडाचं पिल्लू आईला आधी ओळखतं ते चेहऱ्याने नाही

असं म्हटलं जातं की बदकाच्या पिलासारखं माकडाचं पिल्लूही जन्मतःच आईचा चेहरा 'टिपून' घेतं. तसं नाही. सुरुवात होते ती पकडीपासून: नवजात पिल्लू आईच्या पोटाची केसाळ कातडी मुठीत धरून लोंबकळतं, तोंडाने चाचपत स्तन शोधतं. दृष्टी तेव्हा कच्चीच असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांचे १९५८चे ऱ्हीसस माकडांवरचे प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहेत. पिलांना खऱ्या आईऐवजी दोन बनावट 'आया' दिल्या, एक तारेची आणि एक कापडी. दूध तारेच्या 'आई'कडे, तरी पिल्लं दिवसभर बिलगलेली कापडी 'आई'ला. त्यातलाच एक तपशील मात्र सहसा सुटतो. एका पिलाच्या कापडी आईला चेहराच नव्हता, नुसता गुळगुळीत गोळा. १८० दिवसांनी त्याला रंगवलेल्या चेहऱ्याच्या आया दिल्या, तर ते पिल्लू त्यांची डोकी हाताने फिरवून कोरी बाजू समोर आणायचं! म्हणजे 'आई कशी दिसते' हे जन्मजात नाही, सवयीने ठरतं.

पण पाटी अगदी कोरीही नसते. जपानमध्ये संशोधक सुगिता यांनी मकाक माकडांची (ऱ्हीसस याच गटातले) पिल्लं ६ ते २४ महिने एकही चेहरा न दाखवता वाढवली. सांभाळणारेही मुखवटा घालत. तरी चित्रं दाखवल्यावर ती वस्तूंपेक्षा चेहऱ्यांकडेच जास्त बघत. नंतर महिनाभर फक्त माणसांचे चेहरे पाहिलेल्यांना माणसांमधला बारीक फरक कळू लागला, माकडांमधला नाही. फक्त माकडं पाहिलेल्यांचं नेमकं उलट.

स्क्विरल माकडांत (दक्षिण-मध्य अमेरिकेतली छोटी माकडं) तर आई ओळखण्यात वासाचा वाटा मोठा. त्यामुळे पिल्लू सांभाळायला दुसऱ्या मादीकडे सोपवताना तिचं आईशी नुसतं दिसण्यातलं साम्य बघून भागत नाही.