सकाळची पहिली वीस मिनिटे : तुमचा अनुभव

सकाळी मन ठिकाणावर यावे आणि पुढे दिवसभर कामात राहावे, यासाठी तुम्ही प्रत्यक्षात काय करता, ते या धाग्यात सविस्तर लिहावे, ही विनंती. काय करायला हवे, हे आपण सगळेच जाणतो. काय टिकले, काय सुटले आणि कशामुळे, हे वाचण्याची मला उत्सुकता आहे.

सुरुवात मी करते. गजर मोबाइलवर असल्यामुळे तो बंद करता करता बोट आपसूक निरोपांकडे वळायचे, आणि पांघरूण दूर होण्याआधीच कुणाच्या तरी नाराजीला द्यायचे उत्तर मनात घोळू लागायचे. दीड वर्षापूर्वी मी साधे गजराचे घड्याळ घेतले आणि मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवू लागले. पहिला आठवडा अवघड गेला. जाग आली की हात उशीखाली चाचपडायचा. आता मी खिडकीपाशी बसून पेलाभर पाणी सावकाश पिते, एवढेच. तेवढ्या वेळात कालची कोणती गोष्ट अजून सलते आहे, हे माझे मला कळते.

*

माझी अडचण निराळी होती. जाग यायची, पण डोके जड राहायचे. झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटे अशी सुस्ती राहणे स्वाभाविक असते, हे समजल्यावर मी स्वतःला आळशी म्हणणे सोडले आणि उठल्याबरोबर बाहेर जाऊ लागलो. घरातला दिवा कितीही लख्ख वाटला, तरी त्याचा उजेड साधारणपणे काही शे लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) असतो. उलट आभाळ भरलेले असले, तरी दिवसा बाहेर हजार लक्सहून अधिक प्रकाश सहज मिळतो. डोळ्यांच्या पडद्यावरील काही पेशी हाच प्रकाश टिपून मेंदूतल्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचे कळवतात. (सूर्याकडे थेट पाहू नये, हे आवर्जून सांगतो.) दहा मिनिटे चालून परत येताना आपली पावले वेगाने पडत आहेत, हे माझ्या ध्यानात येते. महिनाभरात रात्री झोपही वेळेवर येऊ लागली, याचे मला अधिक समाधान आहे.

*

अंथरूण आवरणे. चादरीची चारही टोके नीट खोचली की एक काम पुरे झालेले असते. मला तेवढे पुरते.

*

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्यामुळे माझ्या सकाळीवर माझा हक्क नाही, म्हणून असे धागे वाचताना पूर्वी मन खट्टू व्हायचे. आता मी त्यांच्या खोलीचे दार उघडण्याआधी कडीवर हात ठेवून उभी राहते आणि पाच वेळा श्वास हळूहळू, शेवटपर्यंत सोडते. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. मनगटावर बोटे ठेवली, तर ते जाणवूही शकते. मिनिटभराचाही वेळ लागत नाही, पण त्यानंतर त्यांची कूस बदलताना माझ्या हातांत घाई नसते, आणि त्यांनाही ते समजते, असे मला मनापासून वाटते. ज्यांच्या घरी कुणाची शुश्रूषा चालू आहे, त्यांनी वेगळा वेळ शोधत बसण्यापेक्षा असा एखादा उंबरठा निवडावा.

*

पहाटे पाचला उठणे, व्यायाम, ध्यान आणि रोजनिशी हे सगळे मी एकाच दिवशी सुरू केले आणि अकराव्या दिवशी सगळेच सोडून दिले. त्यातच माझी रात्रपाळी असल्यामुळे माझी सकाळ दुपारी दोनला होते. शेवटी रोजनिशीतली एकच ओळ मी राखली : आज कोणते एक काम झालेच पाहिजे? ती मी कागदावर पेन्सिलीने लिहितो आणि कागद खिशात ठेवतो. पाळी संपताना तो बाहेर काढतो, तेव्हा घडीवरची अक्षरे पुसट झालेली असतात, पण काम बहुतेक वेळा झालेले असते.