मदत हवी आहे : ऐकू कमी येतं म्हणून सरकारी भरतीत डावललं, इंदूरहून दाद कुठे मागायची?

जेलरोडकर
नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. राज्य शासनाच्या एका विभागात सहायक ग्रेड-३ (कारकुनी पद) ची भरती होती. विज्ञापनात श्रवणबाधितांसाठी २ पदं होती आणि त्या गटाच्या गुणवत्ता यादीत बहीण पहिली आहे. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर तिला तोंडी सांगितलं की या पदावर फोन घ्यावे लागतात, तुम्हाला जमणार नाही. चेकलिस्टवर तिच्या नावापुढे पेन्सिलीनं 'अनुपयुक्त' लिहिलंय. खाली सही नाही, तारीख नाही. नंतर जी चयन सूची (निवड यादी) लागली तिच्यात श्रवणबाधितांचं एक पद अस्थिबाधित गटातल्या उमेदवाराला दिलेलं दिसतं. सूची लागून महिना होत आला.

बहिणीचं प्रमाणपत्र ५२ टक्क्यांचं आणि कायमस्वरूपी आहे. यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्डही आहे. दोन्ही अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीचे. पुण्याचे मामा म्हणतात मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जा. शेजारचे काका म्हणतात १८१ वर (मुख्यमंत्री हेल्पलाइनवर) तक्रार करा. नक्की कुठे जायचं, आणि किती वेळ हातात आहे?

रोस्टरवाचक
जेलरोडकर, मामांचा सल्ला महाराष्ट्रासाठी बरोबर आहे, इथे लागू नाही. मध्य प्रदेशाचं राज्य प्रशासकीय अधिकरण केव्हाच बंद झालं. राज्याच्या नोकरीचा वाद असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका घेऊन थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. तुमच्यासाठी ते म्हणजे एम. जी. रोडवरचं इंदूर खंडपीठ, जबलपूरला जायची गरज नाही. १८१ वर तक्रार केलीत तर बिघडणार काही नाही, पण भरतीच्या वादात ती फिरून त्याच विभागाकडे जाते आणि तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. तिच्या उत्तराची वाट पाहत बसू नका.

आता मुद्द्याचं. 'बहिणीवर अन्याय झाला' एवढं लिहून कुणी दाद देत नाही. नेमकं काय मोडलं ते सांगावं लागतं आणि तुमच्याकडे त्यासाठी भक्कम जागा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ काढा आणि कलम ३४ चं पोटकलम २ वाचा. एका गटाचा योग्य उमेदवार मिळाला नाही तर ते पद आधी पुढच्या भरती वर्षात न्यावं लागतं. तिथेही मिळाला नाही तरच दुसऱ्या दिव्यांग गटाला देता येतं. श्रवणबाधितांचं पद त्याच भरतीत अस्थिबाधिताला देऊन टाकणं या क्रमात कुठेच बसत नाही. आणि इथे तर उमेदवार मिळाला नाही असंही नाही, यादीत पहिली असलेली मुलगी समोर बसली होती.

दुसरा मुद्दा फोनचा. पद कोणत्या दिव्यांगांना खुलं आहे हे कलम ३३ खाली आधीच ठरवायचं असतं, पडताळणीच्या टेबलावर नव्हे. विज्ञापनातच २ पदं श्रवणबाधितांसाठी दाखवली म्हणजे विभागानं हे पद त्यांना योग्य मानलं होतं. मध्येच निकष बदलता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ७ नोव्हेंबर २०२४ ला तेज प्रकाश पाठक प्रकरणात स्पष्ट केलंय. शिवाय कलम २० प्रमाणे कार्यालयानं वाजवी सोय करून द्यायची असते. फोनचं काम सहकाऱ्याकडे देणं, ईमेलवर किंवा लेखी निरोप घेणं, आवाज वाढवणारं यंत्र देणं, हे सगळं त्यात येतं. याच राज्याचं ताजं उदाहरणही आहे. दृष्टिहीनांना न्यायाधीशांच्या भरतीतून वगळणारा मध्य प्रदेश न्यायिक सेवेचा नियम ६अ सर्वोच्च न्यायालयानं ३ मार्च २०२५ ला रद्द केला. केवळ दिव्यांगत्वामुळे कुणाला भरतीबाहेर ठेवता येत नाही, हे त्यात ठामपणे आलंय.

मात्र एक पडताळून घ्या. शासन अधिसूचना काढून एखाद्या आस्थापनेला यातून सूट देऊ शकतं. तशी सूट असती तर २ पदं दाखवलीच नसती, तरीही कागदावर 'सूट नाही' हे आलेलं बरं.

कृष्णपुरा
वरच्या मुद्द्यांना कागदाचा आधार नसेल तर ते हवेत राहतील, म्हणून आधी कागद.

विज्ञापन, नियम पुस्तिका, गटवार कट-ऑफ आणि दोन्ही सूच्या आजच उतरवून ठेवा. निकालाची पानं संकेतस्थळावरून कधी निघतील याचा भरवसा नसतो. त्या पेन्सिलीच्या शेऱ्याचा फोटो असेल तर मूळ फाइल जपा, नुसता व्हॉट्सअॅपवर फिरलेला पुरत नाही.

मग लेखी अभ्यावेदन, म्हणजे विभागाकडे रीतसर निवेदन. विभागप्रमुखाच्या नावे, एका पानात: रोल नंबर, गट, गुण, पडताळणीची तारीख, 'मला कोणत्या नियमाखाली अनुपयुक्त ठरवलं त्याचा सकारण लेखी आदेश द्यावा' ही मागणी, आणि १५ दिवसांची मुदत. भाषा साधी हिंदी ठेवा, अधिकाऱ्यावर व्यक्तिगत आरोप नको. एक प्रत आवक शाखेत देऊन शिक्का आणि नंबर घ्या, दुसरी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. प्रत्येक सरकारी आस्थापनेत दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. तिसरी प्रत त्याच्या नावे द्या. त्यानं तक्रार नोंदवहीत घेऊन दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज टाका, शुल्क १० रुपये. दोन अशासाठी की गुण परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे असतात आणि रोस्टर, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षित गटाचं याची नोंद, विभागाकडे. एकाच अर्जात सगळं घातलं तर तो इकडून तिकडे हस्तांतरित होण्यात दिवस जातात. विभागाकडे मागा: पडताळणीची नोटशीट (फाइलवरच्या टिपण्या) आणि चेकलिस्टची प्रमाणित प्रत, या संवर्गाची दिव्यांग रोस्टर पंजी, श्रवणबाधितांचं पद दुसऱ्या गटाला वळवल्याचा आदेश, कलम २० किंवा ३४ खाली सूट दिली असल्यास ती अधिसूचना. मंडळाकडे मागा: श्रवणबाधित गटाची गुणवत्ता यादी आणि शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण.

इथे बहुतेक अर्ज एका शब्दावर फसतात. 'का नाकारलं' असं विचारू नका. हा कायदा दप्तरात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही, आणि 'का'ला सरळ नकार येतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

रोस्टर आलं की टक्केवारी तपासा. केंद्रीय कायद्यात किमान ४ टक्के आहे, मध्य प्रदेशात दिव्यांगांना ६ टक्के, चार गटांना दीड-दीड.

जेलरोडकर
खूप आभार. दोन शंका. भोपाळच्या आयुक्त निःशक्तजनांकडे गेलो तर ते नेमणूक थांबवू शकतात का? आणि विभाग उद्या म्हणाला की हिला पुरेसं ऐकू येतं, प्रमाणपत्रच चूक आहे, तर?

वकीलपत्र
दुसरी शंका आधी. कायद्याच्या अनुसूचीत बहिरेपण म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ७० डेसिबल घट, आणि ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे ऐकू कमी येणं. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, बहिणीचं ५२ आहे. शंका असली तर विभागानं तिला वैद्यकीय मंडळाकडे पाठवायचं. बाबूनं टेबलावर हाक मारून बघायची, हा तपास नव्हे. ऑडिओग्रामची मूळ प्रत फाइलला लावून ठेवा.

आयुक्तांकडे जरूर जा. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की विभागानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. पण ते स्थगिती देऊ शकत नाहीत. १९९५ च्या जुन्या कायद्यातल्या मुख्य आयुक्तांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच तसं सांगितलंय. म्हणून आयुक्तांकडे अर्ज करून याचिका लांबवणं घातक आहे. रिट याचिकेला ठरावीक मुदत नसते, पण उशीर झाला की निवडलेले उमेदवार रुजू होतात, त्यांचा परिवीक्षा काळ सुरू होतो आणि न्यायालयाचा कल बदलतो. एकामागून एक अभ्यावेदनं दिल्यानं वेळ वाढून मिळत नाही. माझ्या मते सूचीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत याचिका दाखल झालेली असावी. माहितीच्या अधिकाराची उत्तरं नंतर जोडता येतात.

याचिकेतली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ज्याला ते पद मिळालं त्या उमेदवाराला प्रतिवादी न करणं. त्याचं ऐकल्याशिवाय त्याची नेमणूक जाऊ शकत नाही आणि तेवढ्या कारणावर याचिका फेटाळली जाते. पत्ता नसेल तर नाव आणि रोल नंबर घालून विभागामार्फत नोटीस बजावण्याची परवानगी मागा. त्याच्यावर आरोप करू नका, चूक विभागाची आहे.

मागणी नीट लिहा. 'अनुपयुक्त' हा शेरा रद्द व्हावा, श्रवणबाधितांच्या पदावर तिचा विचार व्हावा, आणि तोवर ती नेमणूक याचिकेच्या निकालाच्या अधीन राहावी किंवा एक पद रिकामं ठेवावं. नुसती 'नेमणूक द्या' अशी मागणी अडते, कारण यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा हक्क मिळत नाही, हे शंकरसन दास प्रकरणात १९९१ मध्ये ठरलंय. त्याच निकालात शासनाला मनमानी करता येत नाही असंही म्हटलंय, आणि आपली बाजू त्या दुसऱ्या वाक्यावर उभी आहे. विभाग म्हणेल की भरतीत भाग घेतला, आता तक्रार कशी? त्याला उत्तर असं की विज्ञापनाला आव्हान नाहीच, विज्ञापन पाळलं नाही ही तक्रार आहे.

पहिल्याच तारखेला 'अभ्यावेदनावर निर्णय घ्या' एवढंच सांगून याचिका निकाली निघण्याचा धोका असतो. तुमचं अभ्यावेदन आधीच पडून आहे हे आवक नंबरासह दाखवा. तरीही तसाच आदेश झाला तर निर्णयाची मुदत आणि 'सकारण आदेश' हे दोन्ही त्यात लिहून घ्यायला वकिलांना सांगा.

खर्चाची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चं कलम १२ पाहा. दिव्यांगांना आणि महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बहीण दोन्हींत बसते. खंडपीठातच उच्च न्यायालय विधिक सेवा समिती आहे, यूडीआयडीची प्रत घेऊन अर्ज करा.

सुदामानगर_१२
याच विषयावर विचारतो. माझ्या भाच्याचं प्रकरण केंद्राच्या खात्यातलं आहे, तोही इंदूरला राहतो. त्यानंही खंडपीठातच जायचं का?

वकीलपत्र
नाही. केंद्राच्या पदासाठी केंद्रीय प्रशासकीय अधिकरण, म्हणजे कॅट. आपल्यासाठी जबलपूर पीठ, आणि त्याची फिरती बैठक इंदूरलाही होते. तिथे मुदत पक्की आहे: अंतिम आदेशापासून एक वर्ष. अभ्यावेदन दिलं आणि उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबून त्यापुढे एक वर्ष. अर्जाचं शुल्क ५० रुपये. तक्रार आयुक्तांकडे न्यायची तर भोपाळला नाही, दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे.

कृष्णपुरा
जेलरोडकर, एक राहिलं. अभ्यावेदनावर आणि प्रत्येक अर्जावर सही बहिणीचीच हवी. भाऊ म्हणून तुमच्या सहीनं गेलेला कागद विभाग 'संबंधित व्यक्तीचा अर्ज नाही' म्हणून बाजूला ठेवू शकतो. सुनावणीला ती जाणार असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा लेखी प्रश्नोत्तरं हवीत हे अर्जातच आधी लिहा.