सांगलीत प्लॉटचा धंदा: रील, ब्लॉग, व्हॉट्सअ‍ॅप... गिऱ्हाईक नक्की कुठनं येतं?

कुपवाडकर_८८

नमस्कार मंडळी. आमचा जमीन-प्लॉटच्या एजंटीचा धंदा, वडिलांनी उभा केलेला. त्यांचं सगळं ओळखीवर चालायचं. आता मी बघतोय आणि लक्षात येतंय की तिशी-पस्तिशीतलं गिऱ्हाईक ऑफिसात पाय ठेवायच्या आधी मोबाईलवर सगळं चाळून आलेलं असतं.

म्हणून पुण्याच्या एका एजन्सीला काम दिलं. ते पाडव्याला शुभेच्छा टाकतात, दसऱ्याला शुभेच्छा टाकतात, मधल्या काळात ‘तुमच्या स्वप्नातलं घर’. परवा टाकलेल्या फोटोतल्या बंगल्याच्या दारात बर्फ पडलेला होता, राव! कुपवाडात बर्फ! फॉर्म भरून नावं येतात, पण फोन केला की ‘सहज बघत होतो’. बरेच जण तर सांगलीचेही नसतात.

आता तो जाहिरातींचा खर्च बंद करून स्वतः काहीतरी करावं म्हणतोय. ब्लॉग लिहू का? मराठीत लिहिलं तर कोण वाचतं? की इन्स्टावर ड्रोन उडवू? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा.

आयर्विन_ताई

भाऊ, विश्रामबागला आमचं ऑफिस आहे. मिस्टर साईटवर असतात, लिहिण्याचं खातं माझ्याकडे. ब्लॉग मराठीतच आहे आणि वाचतात लोक. फक्त तुम्हाला सांगावंसं वाटतं ते नाही वाचत, त्यांना भीती कशाची वाटते ते वाचतात.

सांगलीत प्लॉट घेणाऱ्याचा पहिला प्रश्न काय असतो? दर नाही. ‘इथं पाणी येतं का?’ २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते सांगलीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि एजंट मंडळी या प्रश्नावर काय करतात? ‘नाही हो, इकडं कुठलं पाणी!’ म्हणून विषय बदलतात.

मी त्याच्यावरच लिहिलं. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. मग ४५ च्या पुढं पाणी चढायला लागलं की सांगलीवाडी, गावभाग, मारुती चौक इथं काय होतं, कुठला रस्ता आधी बंद पडतो, कुठल्या गल्लीत गाडी अडकते. सगळं माहितीतल्या माणसांना विचारून लिहिलं. त्यात पूररेषेचंही घातलं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत घर बांधायचा विचार सोडायचा. निळी आणि लालच्या मधे असाल तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यायची अट असते. हे नकाशावर बोट ठेवून दाखवलं.

ती एक पोस्ट दर पावसाळ्यात आपोआप चालते. जुलै-ऑगस्टला कोयनेतनं पाणी सोडल्याची बातमी आली की सगळी सांगली मोबाईलवर पातळी बघत बसते, आणि बघता बघता आमच्याकडं येते. त्यातली माणसं दिवाळीनंतर फोन करतात. जाहिरातीला पैसे घाला, घालायचे थांबलात की फोनही थांबले. हिच्यावर मी रुपया घातलेला नाही.

फुकट काही नसतं, ते पण सांगते. एका जागामालकानं ऑफिसात येऊन तमाशा केला, ‘माझा प्लॉट पूररेषेत आहे म्हणून का लिहिलंस?’ मी प्लॉटचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, गल्ली लिहिली होती. त्यानं काम दुसऱ्याला दिलं. देऊ दे की!

दुसरा विषय गुंठेवारी, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट. आपल्याकडं अर्धी वस्ती गुंठेवारीतली आणि त्याबद्दल अफवाच जास्त. कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करायची सोय झाली. एन.ए. (बिगरशेती) प्लॉट आणि गुंठेवारीचा प्लॉट यात फरक काय, बँक कर्ज देताना कुठले कागद मागते, नियमितीकरणाचा दाखला कसा दिसतो, त्यावर काय वाचायचं, हे सगळं साध्या भाषेत लिहा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काय बघायचं यावर एक अख्खी पोस्ट होते. बोजा, कूळ, बहिणींची नावं, सगळं तिथंच सापडतं.

लिहिताना एक करा. लोक गूगलवर ‘सांगलीत एन.ए. प्लॉट’ देवनागरीतही शोधतात आणि इंग्रजी अक्षरांत मराठीही टाइप करतात. मथळ्यात गावाचं, उपनगराचं, रस्त्याचं नाव घाला. ‘प्राइम लोकेशन’ असं कुणी शोधत नाही. ‘शंभर फुटी रोडजवळ दोन गुंठे’ असं शोधतात.

मिरजेचा_जुना_एजंट

ताईंचं पटतं, पण लिहिणं हा सगळ्यांचा पिंड नसतो. मला चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटतो. मी व्हॉट्सअ‍ॅपवर धंदा करतो आणि बरा चाललाय.

पण तिथं पण डोकं लागतं. ब्रॉडकास्ट लिस्टमधे २५६ च माणसं बसतात, आणि त्यातही ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. हे निम्म्या एजंटांना माहीतच नाही. शेकडो लोकांना पाठवलं म्हणून खूश, आणि पोचतं पन्नास जणांना! म्हणून माझ्याकडं आलेल्या प्रत्येकाकडनं मी आधी माझा नंबर सेव्ह करून घेतो, त्याच्या समोर, त्याच्याच मोबाईलमधे. मग स्टेटस. रोज एकच, सकाळी. बोर्डाचा फोटो नाही टाकत. मोजणीचा टेप धरलेला, हद्दीचा दगड दिसतोय, मागं रस्ता दिसतोय, असला व्हिडिओ टाकतो. बोलतो मीच, ‘हे बघा, इथनं तिथपर्यंत तेहतीस फूट, हा दगड, हा शेजाऱ्याचा बांध.’ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे पण दर वेळी सांगतो, कारण पोरांना गुंठा कळत नाही आणि म्हाताऱ्यांना चौरस फूट कळत नाही.

ड्रोन नको भावा. वरनं सगळे प्लॉट सारखेच दिसतात. वरनं ओढाही दिसत नाही, आणि ओढा नेमका बघायचा असतो.

कुपवाडकर_८८

टेपचा व्हिडिओ हे आवडलं, काका. उद्याच करतो. आणि ताई, एजन्सीला नारळ दिला तर इन्स्टा पूर्ण सोडू का?

गलाईवाला_कोइमतूर

मी गिऱ्हाईकाच्या बाजूनं सांगतो. आम्ही मूळचे विट्याकडचे, इकडं सोन्याच्या गलाईचा धंदा. आटपाडी-खानापूर-विट्याची आमच्यासारखी माणसं सगळ्या देशभर पसरलीत आणि प्रत्येकाला म्हातारपणासाठी गावाकडं किंवा सांगलीत जागा पाहिजे. आम्ही गावी येतो यात्रेला आणि लग्नाला. तेवढ्या दिवसांत दहा प्लॉट बघायला वेळ कुणाला आहे?

त्यामुळं मला रीलमधलं गाणं नको. मला पाहिजे सातबाऱ्याचा गट नंबर, म्हणजे मी इथं बसून महाभूलेखवर (सातबाऱ्याच्या सरकारी साईटवर) स्वतः बघतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. जो एजंट गट नंबर लपवतो त्याला मी दुसरा फोन करत नाही. मी घेतला तो प्लॉट अशाच माणसाकडनं घेतला ज्यानं पहिल्याच दिवशी उतारा, फेरफार आणि लेआउटचा मंजूर नकाशा पाठवला, वर म्हणाला ‘वकिलाला दाखवा, मग या.’ आमच्या भिशीतल्या सगळ्यांना मी त्याचं नाव सांगितलंय.

आयर्विन_ताई

बघा, हे आहे. कोइमतूरच्या दादांचं प्रिंट काढून ऑफिसात लावते.

इन्स्टा सोडू नका, पण तिथं विकायला जाऊ नका. पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारी आपल्याकडची पोरं तिथं आहेत. त्यांच्यासाठी छोटे व्हिडिओ, एकात एकच प्रश्न. ‘साठेखत आणि खरेदीखतात फरक काय?’ किंवा ‘नोंदणी फी किती?’ (एक टक्का, तीस हजारांच्या वर नाही). प्रश्न कुठनं आणायचे? ऑफिसात जे रोज विचारतात तेच. मी टेबलावर वही ठेवली आहे, प्रश्न आला की शब्द न बदलता उतरवते. परवा एक आजी म्हणाल्या, ‘रस्ता कागदावर आहे की जमिनीवर?’ यापेक्षा चांगला मथळा मला सुचला नसता.

रेरा_बघा_आधी

मधेच तोंड घालतो, कारण कुणी बोललंच नाही. जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली नव्हे. फेसबुक पोस्ट, स्टेटस, रील सगळं त्यात येतं. ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉटिंगचा प्रकल्प असेल तर महारेरा नंबर (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नोंदणी नंबर) मिळायच्या आधी ‘बुकिंग सुरू’ टाकायचं नाही. नोंदणीकृत प्रकल्प विकायचा तर एजंटाची स्वतःची नोंदणी लागते, एकट्या माणसाला फी दहा हजार, मुदत पाच वर्षं. आता परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. आणि जाहिरातीत लिहिलेलं खोटं निघालं तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहिताना जपून!

कुपवाडकर_८८

नोंदणी आहे, वडिलांच्या नावावर. माझ्या नावानं करून घेतो. शेवटचं एक विचारतो, दर लिहायचा का? वडील म्हणतात दर लिहिला की फोनच येत नाही.

मिरजेचा_जुना_एजंट

वडिलांचं ऐक. दर तोंडावरच बरा.

आयर्विन_ताई

काका, माफ करा, इथं माझं वेगळं आहे. पोस्टवर ‘प्राइस प्लीज’ असं ज्यांनी लिहिलं त्यांना दर कळत नाही म्हणून ते लिहितात, आणि दर कळला की निम्मे गळतात. ते आधीच गळलेले बरे, माझा फोन तरी मोकळा राहतो. अगदी आकडा नको असेल तर ‘गुंठ्याला अमुक ते अमुक’ लिहा आणि कोपऱ्याचा प्लॉट महाग का ते पण लिहा.

आणि कुपवाडकर, गूगलवर तुमच्या ऑफिसचं पान आहे का ते आधी बघा. आमच्या शेजारच्या एकाचं पान होतं, पण त्यावर ‘रविवारी बंद’. पुण्याची माणसं रविवारीच येतात.