मदत हवी आहे: मुंबई हायमधलं तेलकट पाणी कोण तपासतं?

नमस्कार मंडळी. मी अलिबागजवळच्या गावातला. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर डांबरगोळे (समुद्रात सांडून घट्ट झालेल्या तेलाचे चिकट गोळे) येतात. पायाला चिकटले की रॉकेलशिवाय निघत नाहीत, जाळ्याचं तर विचारूच नका. ते टाक्या धुणाऱ्या जहाजांचे की तेलविहिरींचे, यावर दरवर्षी वाद. इथल्या एका कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, "आमची हद्द तिथपर्यंत नाही."

वाचून इतकं कळलं: मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किमीवर, म्हणजे १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या बरंच बाहेर. तेलासोबत वर येणारं पाणी शुद्ध करून समुद्रात सोडायला परवानगी आहे. केंद्राच्या पर्यावरण नियमांत त्यातल्या तेलाची मर्यादा ९५ टक्के नमुन्यांत लिटरमागे ४० मिलिग्रॅम, आणि १०० च्या वर कधीच नाही. तेलगळती झाली तर समन्वय तटरक्षक दलाकडे.

पण रोजच्या पाण्याचे नमुने घेतं कोण? कंपनी स्वतःच मोजून कळवते का? तसं असेल तर ते अहवाल माहिती अधिकारात कुठे मागायचे, पर्यावरण मंत्रालयाकडे की पेट्रोलियम? आणि गोळ्यांच्या रासायनिक तपासणीवरून तेलाचा उगम ओळखता येतो, पण त्यासाठी नमुना कशात, किती थंड ठेवायचा? (आम्ही सध्या लोणच्याच्या बरणीत ठेवलाय.) कोणी असा अर्ज केला असेल तर मसुदा द्याल का?