हवे तेव्हाच पाणी तापवणारा डिस्पेन्सर: रचनेबाबत सल्ला हवा

पडवीतून (गुहागर)

नमस्कार. आमच्याकडे पर्यटकांसाठी निवास व न्याहारीची सोय आहे. पडवीत ठेवलेल्या डिस्पेन्सरमधील गरम पाण्याची टाकी, कोणी पाणी घेवो अथवा न घेवो, दिवसरात्र तापलेलीच असते. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतानाही वीज खर्च होतच राहते. यंत्र बंद ठेवावे, तर पहाटे समुद्रावर निघालेल्या पाहुण्याच्या चहासाठी घरातल्या कोणाला तरी उठावे लागते. पुतण्याचे चिपळूणजवळ, खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीत लहानसे वर्कशॉप आहे. टाकीच नसलेला, बटण दाबल्यावर कपापुरतेच पाणी तापवणारा डिस्पेन्सर त्याच्याकडून करून घ्यावा असा विचार आहे. संध्याकाळी आमचे व्होल्टेज 180 पर्यंत उतरते आणि वैशाखात विहिरीचे पाणी किंचित मचूळ होते. हे लक्षात घेता हीटर किती वॉटचा घ्यावा आणि रचना कशी असावी?

निवृत्त तंत्रज्ञ (रत्नागिरी)

हीटरचे वॉट ठरवण्याआधी सध्याच्या यंत्रात वीज कुठे जाते ते पाहावे. रात्री कोणी पाणी घेत नसताना हीटरचा दिवा किती वेळ पेटतो आणि किती वेळाने पुन्हा पेटतो, याची नोंद करा. समजा 500 वॉटचा हीटर दर 25 मिनिटांत 2 मिनिटे चालला, तर सरासरी 40 वॉट, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट केवळ टाकीच्या अंगातून हवेत गेले. 27 अंशांचे 150 मिलिलिटर पाणी 92 अंशांवर नेण्यास सुमारे 41 किलोज्यूल लागतात आणि एका युनिटात 3,600 किलोज्यूल असतात. त्या विजेत ऐंशीहून अधिक कप तापले असते. पाणी तापवण्यास लागणारी ही वीज हीटरवर चालणारे कोणतेही यंत्र कमी करू शकत नाही. वाचवता येते ती पाणी तापलेले राखण्याची वीज. म्हणून आपला विचार योग्य आहे.

हीटर 2 किलोवॉटचा पुरे. त्यासाठी 16 अँपिअरचा सॉकेट आणि बोर्डापासून स्वतंत्र, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. पूर्ण व्होल्टेज असताना हा हीटर मिनिटाला साधारण 440 मिलिलिटर पाणी 92 अंशांवर देईल, म्हणजे कपाला वीस सेकंद. व्होल्टेज 180 वर आले की हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटून सुमारे 1,225 वॉट उरते, आणि पाण्याचा प्रवाह तेवढाच ठेवला तर कपात कोमट पाणी पडते. यासाठी तापमान पक्के धरून प्रवाह बदलावा: नळीच्या तोंडाशी तापमान मोजणारा एक थर्मिस्टर, पाणी ढकलण्यास खाद्यपदार्थांसाठी चालणारा 12 व्होल्टचा लहान पंप, आणि तापमान पाहून पंपाचा वेग कमी-जास्त करणारी नियंत्रक चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर. संध्याकाळी कप भरायला तेहतीस-चौतीस सेकंद लागतील, पण चहा चहासारखा होईल. तापमान शंभरावर नेण्याचा मोह टाळावा. नळीत वाफेचे बुडबुडे धरतात आणि उकळते पाणी हातावर उडते.

पंप आणि झडप नेहमी थंड पाण्याच्या बाजूस असावीत व गरम बाजूचे तोंड कायम उघडे राहावे, म्हणजे हीटरमध्ये दाब साठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हीटर ते तोंड ही नळी शक्य तितकी आखूड व बारीक ठेवा. 6 मिलिमीटर पोकळीच्या 30 सेंटिमीटर नळीत साडेआठ मिलिलिटर पाणी अडकून थंड होते आणि पुढच्या पाहुण्याच्या कपात तेच आधी पडते. हीटरचा धातूही जितका कमी, तितका बरा, कारण प्रत्येक कपाला तो नव्याने तापवावा लागतो. कप भरत येताना हीटर एखादा सेकंद आधी बंद करून पंप चालू ठेवल्यास धातूतली उष्णता कपात उतरते. दर्शनी भागावर रंगीत दिवे लावू नका. 5 वॉटचे इलेक्ट्रॉनिक्स अखंड चालू राहिले, तर दिवसाला दहा कपांची वीज तिथेच संपते.

माडबागवाली (वेंगुर्ले)

काकांच्या मांडणीत मी पाण्याची बाजू जोडते. जांभ्याच्या कातळातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे हीटरवर पांढरा थर फारसा धरत नाही, पण धातू खाल्ला जातो. किनाऱ्यालगत उन्हाळ्यात त्यात क्लोराइडची भर पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आय. एस. 10500 मध्ये, क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. ती माणसाच्या पिण्यासाठी आहे. तेच पाणी 90 अंशांवर असले, तर 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला सूक्ष्म खड्डे पाडू शकते. पाण्याच्या संपर्कातील प्रत्येक भाग मॉलिब्डेनमयुक्त 316 प्रतीचा घ्यावा आणि पुतण्याला वेल्डिंगची तारही त्याच जातीची वापरण्यास सांगावे, कारण गळती सुरू होते ती बहुधा जोडापाशीच. वैशाखातील पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. हातातला टीडीएस मीटर सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. क्लोराइड किती, हे तो सांगत नाही.

पडवीतल्या खाऱ्या वाऱ्याचे तर विचारूच नका. सर्किट बोर्डाला दोन्ही बाजूंनी संरक्षक लेप द्यावा आणि यंत्र भिंतीच्या आतल्या अंगास बसवावे. आणखी एक सांगावेसे वाटते: काही सेकंद 92 अंशांतून गेलेले पाणी उकळून घेतलेल्या पाण्याच्या जागी धरू नये. पावसाळ्यातील गढूळ पाणी शुद्ध करूनच यंत्रात सोडावे.

दाभोळ खाडी (दापोली)

एवढा खटाटोप कशासाठी, असा माझा सरळ प्रश्न आहे. कपापुरते पाणी किटलीत मोजून घेतले, तर किटलीही जवळपास तेवढीच वीज घेते. शिवाय न्याहारीला वीस जण एकदम आले, तर कपाला वीस सेकंद या हिशेबाने शेवटचा पाहुणा सात मिनिटे ताटकळणार.

निवृत्त तंत्रज्ञ (रत्नागिरी)

न्याहारीबाबत आपले म्हणणे मान्य आहे. तेव्हा गॅसवर आधण ठेवून ते जाड इन्सुलेशनच्या पिंपात भरावे. हे यंत्र त्या कामासाठी नाही. किटलीचा मुद्दा घरात चालतो, परंतु पाहुणा ती मोजून भरत नाही, लिटरभर पाणी तापवतो आणि एक कप घेऊन निघून जातो.

पडवीतून (गुहागर)

सर्वांचे आभार. पुतण्याने दोन शंका काढल्या आहेत. वीज गेल्यावर हे घरच्या इन्व्हर्टरवर चालेल काय? आणि पाहुण्यांची लहान मुले बटण दाबतील, त्याचे काय करावे?

निवृत्त तंत्रज्ञ (रत्नागिरी)

दिवे-पंख्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर 2,000 वॉट देऊ शकत नाही. या यंत्राची लाइन त्याच्यापासून वेगळीच ठेवा. मुलांसाठी दोन बटणे एकाच वेळी धरून ठेवल्याशिवाय पाणी येणार नाही आणि हात काढताच थांबेल, अशी योजना करावी. मायक्रोकंट्रोलर बिघडला तरी वीज तोडणारा, हाताने पूर्ववत करावा लागणारा थर्मल कटआउट हीटरच्या अंगावर हवाच; पंप फिरूनही पाणी न आल्यास हीटर थांबवणारा प्रवाहमापकही हवा. लाइनवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि अर्थिंग वायरमनकडून उन्हाळ्यात मोजून घ्यावे, कारण कोरड्या जांभ्यात अर्थिंगचा रोध पावसाळ्यापेक्षा बराच वाढतो. हे सर्व जुळल्यावर पहिली चाचणी संध्याकाळी, व्होल्टेज उतरलेले असताना घ्या, आणि कपातले तापमान थर्मामीटरने मोजून इथे कळवा. ते 85 च्या खाली भरले, तर पंपाचा किमान वेग आणखी उतरवावा लागेल.