ल्युपस आहे आणि पैसे जमवायच्या वॉकला नाव दिलंय, पूर्ण ५ किमी जमलं नाही तर?

जांभळीछत्री:
नमस्कार मंडळी. मला ल्युपस आहे, एसएलई, म्हणजे आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या शरीरावर उलटते तो आजार, सहा वर्षं झाली. ल्युपस पेशंटसाठी पैसे उभे करायला वॉक आहे, मी उत्साहाच्या भरात नाव दिलं, वर टीमही काढली, ऑफिसातले अकरा जण आलेत. आता वॉकला तीन आठवडे राहिलेत आणि गेल्या आठवड्यापासून सकाळी बोटं आखडतायत, गालावरची लाली परत दिसतेय. एक दिवस ३ किमी आरामात होतात आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात मध्येच बसावं लागतं. लोकांनी माझ्याकडे बघून पैसे दिलेत, अर्ध्यात थांबले तर फसवल्यासारखं होईल का? आणि मेसेजमध्ये लिहायचं तरी काय, "मी आजारी आहे, पैसे द्या" लिहायला हात धजत नाही. नवरा म्हणतो नाव काढून घे. ते करायचं नाहीये म्हणून तर इथे विचारतेय :)

सांधेदुखी_नको:
ताई, वॉकचं नंतर बघू, आधी डॉक्टरांना फोन करा. आजच. लाली आणि सांधे एकदम म्हणजे फ्लेअर असू शकतो, आजार परत उसळलेला. रक्त, लघवी, सी३ सी४, अँटी डीएस-डीएनए (या दोन्ही ल्युपस किती जागा आहे ते बघायच्या रक्ताच्या तपासण्या), जे सांगतील ते करून घ्या. मी सांगतेय कारण माझे पाय सुजायचे आणि मी नवीन बुटांना दोष देत बसले होते, लघवीला फेस येत होता त्याकडेही बघितलं नाही. निघालं काय, लघवीतून प्रोटीन जात होतं. किडनी दुखत वगैरे काही नाही हो, गुपचूप बिघडते. आणि वॉकसाठी म्हणून स्टिरॉइडची गोळी आपल्या मनाने वाढवू नका, बंद तर अजिबातच करू नका.

उन्हाशी_वैर:
वरच्या ताईंशी सहमत. चालण्याबद्दल सांगायचं तर उन्हाने ल्युपस उसळतो, आणि मजा अशी आहे की ऊन टाळायला पहाटे निघावं तर नेमके तेव्हाच सांधे धरलेले असतात, म्हणून मी दोन तास आधी उठून गरम पाण्याने अंघोळ करून अंग मोकळं करते मगच निघते. ढगाळ असलं तरी सनस्क्रीन लावायचं, यूव्ही ढगातून येतंच, आणि दर दोन तासांनी परत. चांगल्या दिवशी ३ किमी मारता ना तिथेच चुकतंय, त्याची वसुली दुसऱ्या दिवशी होते. रोज १ किमी बरं. अजून एक, स्टिरॉइड बरीच वर्षं चालू असेल आणि चालताना जांघेत दुखत असेल तर सराव थांबवून खुब्याचा एमआरआय करायचा का ते डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइडने तिथलं हाड खराब होऊ शकतं, गंमत नाही ती.

हिशोबनीस:
मला हा आजार नाही पण अशा वॉकचे हिशोब सांभाळलेत. देणारा किलोमीटर मोजत नाही. फक्त आधीच सांगून टाका की मी जमेल तेवढं चालेन, बाकीचं टीम चालेल, मग फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. ग्रुपवर मेसेज टाकला की सगळे अंगठा दाखवतात आणि विसरतात, एकेकाला नावाने लिहा. पैसे कशाला वापरणार ते एका ओळीत असू दे. आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात, तुमच्या नाही, पुढे डोक्याला ताप होतो.

खरं_सांगू:
रागावू नका पण नवऱ्याचं बरोबर आहे. मी असाच हट्टाने वॉक पूर्ण केला आणि पुढचे नऊ दिवस अंथरुणात. फोटो मात्र छान आले.

जांभळीछत्री:
सगळ्यांना थँक्यू. जाऊन आले. लघवी स्वच्छ आहे (हुश्श), सी३ थोडं कमी आलंय (म्हणजे ल्युपस जागा झालेला असू शकतो), औषधात बदल केलाय, दोन आठवड्यांनी परत तपासणी. डॉक्टर म्हणाल्या तोपर्यंत वाढलं नाही तर १ किमी चाला, मग सावलीत बसा, त्यामुळे पुढे मी नोंदणीच्या टेबलावर. @खरं_सांगू, नवऱ्याला तुमची कमेंट दाखवलेली नाही.
मेसेज असा केलाय: "मला ल्युपस आहे. माझीच रोगप्रतिकारशक्ती माझ्यावर उलटते. दिसायला मी ठणठणीत असते, म्हणून निदानालाच दोन वर्षं गेली. मी १ किमी चालणार, उरलेले ४ टीम. जमणारे पैसे पेशंटच्या तपासण्यांना जातील." तिघांनी लगेच दिले, एकाने विचारलं हे लागण होणारं आहे का. नाही म्हणून सांगितलं, मग त्यानेही दिले.
टीशर्ट आलेत, जांभळे, पण अर्ध्या बाह्यांचे. ल्युपसच्या वॉकला. आतून पूर्ण बाह्यांचं घालावं लागणार आता.